अलिबाग-मुरूडला पहिल्यांदा जाताय? आधी बोट ठरवा, मग हॉटेल

अलिबागला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॉटेज बुक करतात आणि मग 'जायचं कसं' याचा विचार करतात. क्रम उलटा हवा. मुंबईहून अलिबाग रस्त्याने शंभरेक किलोमीटर पडतं, पण समुद्रातून गेलं तर अलिबागजवळचं मांडवा बंदर तासाभरावर आहे. बोट चालू आहे की बंद, भरती किती वाजता आहे आणि तुम्ही मुक्काम कुठल्या गावात करणार, या तीन गोष्टींवर बाकीचं सगळं ठरतं. इथे समुद्र नुसता बघायला नाही, जायच्या-यायच्या वाटेवरच बसलेला आहे.

पायरी १: कॅलेंडर काढा

साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. दर्या खवळलेला असतो, त्यामुळे यात घासाघीस नाही. सप्टेंबरात हवामान बघून त्या हळूहळू सुरू होतात. पावसाळ्यात जायचं असेल तर रस्ता किंवा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी बोट), हेच मुख्य मार्ग उरतात. रो-रो मोठी असल्याने पावसातही चालते, मात्र हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. जंजिऱ्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. म्हणजे जुलैत 'जंजिरा बघायला' मुरूडला गेलात तर तो राजपुरीच्या किनाऱ्यावरून नुसता बघावा लागेल.

दुसरी गोष्ट, गणपतीचे आधीचे तीन-चार दिवस. चाकरमानी गावाला निघालेले असतात आणि पनवेल ते वडखळ हा पट्टा मुंगीच्या पावलांनी सरकतो. त्या दिवसांत सहलीचा बेत करूच नका. ३१ डिसेंबर आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना रस्ता आणि रो-रो दोन्ही भरलेले असतात.

कॅलेंडरात तारखेशेजारची तिथीही बघून ठेवा. का, ते कुलाबा किल्ल्यापाशी सांगतो.

पायरी २: पोचायचं कसं

*गाडी नसेल तर गेटवे.* गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून पीएनपी, मालदार, अजंठा या कंपन्यांच्या बोटी मांडव्याला जातात. सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरा आणि टॅक्सी किंवा बसने गेटवे गाठा. तिकिटाच्या खिडक्या तिथेच आहेत. आवारात शिरताना सामानाची तपासणी होते, त्यामुळे शनिवारी सकाळी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून निघा. वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते द्यावेत. मे महिन्यात दुपारी खाली सावलीत बसलेलं बरं.

बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा आणि अंगावर चढवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा गेटवेसमोरच्या समुद्रात अपघात झाला, त्यात माणसं गेली. जॅकेट घालायला लाज वाटण्याचे दिवस तेव्हाच संपले.

नवखे लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे बोटीचं तिकीट. याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बसही येते. तिकीट फाडून टाकू नका. मांडव्याच्या लांब जेट्टीवरून चालत बाहेर आलात की बस उभ्या दिसतील. ज्या कंपनीची बोट, त्याच कंपनीची बस. बोटीतून उतरल्यावर फोटोत रमलात तर बसायला जागा मिळणार नाही. मांडवा ते अलिबाग पाऊण तास धरा.

*गाडी न्यायची असेल तर रो-रो.* माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून ही सेवा चालू आहे. गाडी थेट बोटीच्या पोटात चढवायची, आपण वर जाऊन बसायचं, तासाभरात मांडवा. मोटरसायकल आणि सायकलही नेता येते. गाडीचे पैसे वेगळे, माणशी तिकीट वेगळं. शनिवार सकाळ आणि रविवार संध्याकाळ या फेऱ्या आधी ऑनलाइन बुक केल्याशिवाय मिळतील अशी आशा धरू नका. पेट्रोल, टोल आणि वडखळचा वैताग यांचा हिशेब केला तर चार माणसांच्या कुटुंबाला रो-रो महाग वाटते खरी, पण गाडी चालवणाऱ्याला विचाराल तर तो पैसे द्यायला तयार असतो. पायी जाणारेही या बोटीने जाऊ शकतात. त्यांना हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं.

*स्वस्तातली, जरा हिंडती वाट.* जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल गेली आहे. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची गाडी पकडा, उरणहून रिक्षाने करंजा, तिथून छोट्या लाँचने खाडी ओलांडली की रेवस. रेवसहून एसटी किंवा मिनीडोर (मोठी रिक्षा) अलिबागला आणते. नवी मुंबईत राहणाऱ्यांना ही वाट फार सोयीची आहे, गेटवेपर्यंत उलटं जायची गरज नाही. भाऊच्या धक्क्याहूनही रेवसला लाँच आहे. रेवसला गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला फेऱ्यांच्या वेळा पुढेमागे होतात. हातात वेळ आणि पाठीवर एकच पिशवी असेल तरच या वाटेला जा.

*रस्ता.* पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. वडखळला गोवा महामार्ग एका बाजूला नागोठण्याकडे जातो आणि अलिबागचा फाटा दुसऱ्या बाजूला. हा फाटा चुकला तर बरंच पुढे जाऊन परत यावं लागतं. मुंबईच्या पूर्व भागातून निघणाऱ्यांनी शिवडीहून अटल सेतू घ्यावा. जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला आणि त्याने वाशी-पनवेलची गर्दी टळते. टोल आहे, आणि दुचाकी-रिक्षांना बंदी आहे, हे बाइकवाल्यांनी आधीच लक्षात ठेवावं. पुण्याहून येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पेण गाठायचं. मुंबईच्या दिशेने पनवेलपर्यंत जायचं काही कारण नाही.

*एसटी.* मुंबई सेंट्रल, पनवेल, ठाणे, पुणे इथून अलिबागच्या गाड्या आहेत. त्यातली पनवेल-अलिबाग विनाथांबा ही सगळ्यात कामाची. लोकलने पनवेल, स्टेशनहून एसटी स्टँड आणि तिथून थेट अलिबाग. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजीला आधार कार्ड बरोबर घ्यायला सांगा.

*रेल्वे.* अलिबागला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण. दिवा-रोहा गाडीने पेणला उतरून पुढे एसटीने तीसेक किलोमीटर. कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या भरवशावर अलिबागचा बेत आखू नका.

वाहतुकीचा आणि अलिबागचा एक जुना संबंध इथेच सांगून टाकतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची नाजूक उपकरणं त्या विजेने बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा उचलून अलिबागला आणली. समुद्राकडे जाताना तिचं आवार दिसतं.

पायरी ३: उतरायचं कुठे

सगळेच अलिबाग एसटी स्टँडपर्यंत जातात आणि मग मागे फिरतात. मांडवा ते अलिबाग हा रस्ताच आवास, सासवणे, किहीम या गावांच्या अंगाने जातो. मुक्काम किहीमला असेल तर चोंढीला उतरा, तिथून रिक्षा. आवास-सासवण्याला राहणार असाल तर मांडव्याहून थेट रिक्षा केलेली परवडते. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकर यांच्या घरातलं शिल्पसंग्रहालय आहे. बोटीने आलात आणि हॉटेलची खोली दुपारी मिळणार असेल, तर मधला वेळ तिथे छान जातो.

अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावं मात्र अलिबागच्या पुढे, दक्षिणेला. त्यांच्यासाठी अलिबागला उतरून गाडी बदलावी लागते. काशीद आणि मुरूडला जाणाऱ्यांनी अलिबागला एक मुक्काम करायलाच हवा असं नाही. सकाळी लवकरची बोट घेतली तर दुपारच्या जेवणाला मुरूड गाठता येतं.

पायरी ४: कुलाबा किल्ला, आणि तिथीचं गणित

अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. शिवाजी महाराजांनी उभारायला घेतलेला आणि आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला बघायचा, तर घड्याळ समुद्राचं लावावं लागतं.

किनाऱ्यावरची माणसं यासाठी अॅप उघडत नाहीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमारास आणि दुपारी चारच्या आसपास पूर्ण भरती. त्यातून सव्वासहा तास मागे-पुढे करा. सकाळी साधारण दहाला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. पुनवेला आणि अवसेला भरती भर दुपारी, म्हणजे बाराच्या सुमारास किल्ला पाण्यात. शुद्ध असो वा वद्य, पक्ष बदलला तरी गणित तेच. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, तेवढी सूट ठेवा.

यात आणखी एक मेख आहे. पुनवे-अवसेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि तिची ओहोटीही तितकीच खोल जाते, वाळू कोरडी पडते. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं. ते भरतं कमी आणि ओसरतंही कमी, त्यामुळे ऐन ओहोटीलाही गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं. म्हणून माझ्या मते तृतीया ते षष्ठी हे दिवस सगळ्यात चांगले: ओहोटी सकाळी साडेआठ ते अकराच्या दरम्यान, ऊनही बेताचं.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पाणी वळल्यावर रेंगाळू नका. चालायचं नसेल तर घोडागाडी आहे, पाण्यातून खडखडत नेते. लहान मुलांना किल्ल्यापेक्षा तीच जास्त आवडते. भाडं माणशी की गाडीचं, आणि त्यात परतीचं धरलंय का, हे चढण्याआधी विचारा. भरतीला होडीही मिळते. आत पुरातत्त्व खात्याचं तिकीट, गणपतीचं देऊळ आणि खाऱ्या समुद्रात असूनही गोड्या पाण्याची सोय आहे. किनाऱ्यावरचा कुणी मच्छीमार 'आता जाऊ नका' म्हणाला, तर गणित गुंडाळून ठेवा आणि त्याचं ऐका.

पायरी ५: गावात आणि आजूबाजूला फिरायचं

अलिबागमध्ये तीन गोष्टी चालतात: एसटी, मिनीडोर आणि रिक्षा.

मिनीडोर म्हणजे सहा आसनी मोठी रिक्षा. चोंढी, रेवस, नागाव, रेवदंडा अशा ठरलेल्या मार्गांवर त्या 'सीटवर' भरतात. सीट भरेपर्यंत सुटत नाहीत, त्यामुळे दहा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. चालकाने 'स्पेशल जायचंय का?' विचारलं तर अर्थ एवढाच, की पूर्ण गाडीचं भाडं तुमचं. नवखा माणूस दिसला की आधी स्पेशलच विचारतात. 'सीटवर जायचंय' एवढं सरळ सांगायचं, त्यात कुणाला राग येत नाही.

साध्या रिक्षाही मीटरवर चालतील असं धरू नका. भाडं आधी ठरवा. हॉटेलवाल्याला 'इथून स्टँडपर्यंत काय घेतात?' असं विचारून ठेवलं की बोलणी सोपी होते. अॅपवर टॅक्सी मिळेल या भरवशावर रात्री नागावच्या वाडीत जेवायला जाऊ नका. सोडायला आलेल्या रिक्षावाल्याचाच नंबर घ्या आणि परतीची वेळ त्यालाच सांगा. अलिबागचे निम्मे पाहुणे याच पद्धतीने फिरतात.

दोघेच असाल तर भाड्याची स्कूटर उत्तम. अलिबाग-नागाव भागात मिळते. लायसन्स आणि हेल्मेट हवंच. घेताना गाडीवरचे ओरखडे फोनमध्ये टिपून ठेवा, आणि पेट्रोल किती आहे ते बघा. बहुतेक वेळा पंपापर्यंत जाईल एवढंच असतं. नागाव-चौलच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमधले आतले रस्ते मोटारीपेक्षा स्कूटरवरूनच कळतात. डोंगरावरच्या कनकेश्वराच्या देवळात जायचं असेल तर मापगावच्या पायथ्यापर्यंत वाहन, पुढे पायऱ्या. त्या सकाळीच चढाव्यात.

स्वतःची गाडी आणलेल्यांना एक सक्त सूचना: ती वाळूत उतरवू नका. 'सगळेच नेतात' असं वाटतं, वाळू घट्टही दिसते, आणि भरती चढू लागली की चाकं रुततात. मग ट्रॅक्टर शोधेपर्यंत समुद्र थांबत नाही. दर सुट्टीत एखादी तरी गाडी अशी पाण्यात उभी दिसते.

पायरी ६: काशीद, मुरूड, जंजिरा

अलिबागहून मुरूड साधारण पन्नास किलोमीटर. एसटीने दोन तास धरा. रस्ता रेवदंड्याच्या खाडीपुलावरून साळावला जातो आणि पुढे कोर्लई, काशीद करत समुद्राच्या कडेने मुरूडला. एसटीत समुद्र बघायचा असेल तर जाताना उजवीकडची खिडकी पकडा. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली एक वेगळीच बोली अजून ऐकू येते. वाटेत उतरायला वेळ असेल तर किल्लाही चढण्यासारखा आहे. मात्र पुढच्या एसटीची वेळ कंडक्टरला विचारूनच उतरा.

काशीदचा किनारा देखणा, पण पाण्याला ओढ आहे. तिथे दुपारी थांबून संध्याकाळी परत फिरायचं असेल तर मुरूडहून येणारी गाडी भरून येते, हे ध्यानात ठेवा. रविवारी संध्याकाळी उभ्याने जायची तयारी हवी.

जंजिऱ्याच्या होड्या मुरूडमधून सुटत नाहीत. मुरूडपासून पाचेक किलोमीटरवर राजपुरी आहे, तिथल्या धक्क्यावरून सुटतात. मुरूड स्टँडवरून रिक्षा करा. शिडाची होडी वाऱ्यावर जाते, माणसं भरली की सुटते आणि किल्ल्यात ठरावीक वेळ देऊन त्याच होडीने परत आणते. तुमची होडी आणि नाखवा ओळखून ठेवा. दरवाजापाशी चार होड्या सारख्याच दिसतात. होडीतून पायरीवर पाऊल टाकताना लाटेचा अंदाज नाखव्याला असतो, तो 'आता' म्हणेल तेव्हाच उतरा. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि कडेवरच्या बाळांच्या आयांनी याचा आधी विचार करावा. सकाळी जा: ऊन कमी, गर्दी कमी, आणि वाराही सहसा शांत.

पायरी ७: परत फिरायचं, की पुढेच जायचं?

गाडी बरोबर असेल तर मुरूडहून त्याच वाटेने परतायलाच हवं असं नाही. आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. खाडी ओलांडली की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हरिहरेश्वरपासून जवळच्या बागमांडल्याहून दुसरी जंगलजेटी वेश्वीला नेते आणि तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात उतरता, केळशी-आंजर्ल्याच्या वाटेवर. पुण्याला परतणारे दिवेआगर करून म्हसळा, माणगाव, ताम्हिणीमार्गे जाऊ शकतात. त्यांना वडखळ लागतच नाही. जेट्टीवर पोचताना शेवटच्या फेरीची वेळ फोनवर विचारून घ्या. ती हुकली तर खाडीला लांबचा वळसा पडतो.

बोटीने मुंबईला परतणाऱ्यांनी परतीचं तिकीट अलिबागला पोचल्या दिवशीच काढावं. रविवारी दुपारी चारनंतरच्या बोटींना जेट्टीवर लांब रांग लागते आणि मांडव्याहून शेवटची बोट संध्याकाळीच सुटते, रात्री नाही. अलिबागहून सुटणारी कंपनीची बस बोटीच्या वेळेशी जोडलेली असते, म्हणून बसची वेळ विचारा, बोटीची नव्हे. आणि शेवटची बोट हुकलीच, तर घाबरायचं कारण नाही: मांडव्याहून अलिबाग स्टँड गाठा, पनवेलची एसटी पकडा आणि तिथून लोकल.